ट्रक कंपनीचा ताळेबंद, खान्देशातून वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात मी मोटार-मालकांची हिशेबाची आणि विवरणपत्रांची कामं करतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या गाड्यांवर अशोक लेलँडचं नाव आहे आणि त्यातल्या काहींच्या डीमॅट खात्यात त्याच कंपनीचे थोडेफार शेअरही आहेत. २०२४-२५ चे आकडे बाहेर आल्यापासून तेच तेच प्रश्न समोर येत राहिले. शेवटी एका अमळनेरकर मालकाने वैतागून विचारलं, “कंपनीले फायदा झाया, मंग माले काय भेटनं?” त्याला तोंडी दिलेलं उत्तर लांबत गेलं, म्हणून ते इथे लिहून ठेवलं आहे.

ही कंपनी नेमकी कुठली? नाव अर्धं देशी, अर्धं विलायती कसं?

१९४८ साली मद्रासमध्ये रघुनंदन सरन यांनी मोटारी जोडण्याचा कारखाना काढला आणि मुलाच्या नावावरून त्याला ‘अशोक मोटर्स’ म्हटलं. सुरुवातीला तिथे ऑस्टिन मोटारी जोडत. १९५५ मध्ये ब्रिटनची लेलँड कंपनी भागीदार म्हणून आली, तेव्हापासून जोडनाव झालं. १९८७ मध्ये हिंदुजा समूह आला आणि पुढे कंपनी त्यांच्याच ताब्यात गेली. आज धीरज हिंदुजा कार्यकारी अध्यक्ष आहेत आणि रोजचा कारभार शेनू अगरवाल पाहतात.

कारखाने एन्नोर, होसूर, अलवर, पंतनगर आणि आपल्या भंडाऱ्यात. आपल्या पारोळा-एरंडोल-जळगावच्या महामार्गाने नागपूर ओलांडून पुढे गेलात की भंडारा येतं. कंपनीचे गिअरबॉक्स तिथे बनतात. म्हणजे तुमच्या गाडीचा गिअर कदाचित याच रस्त्याकडेला घडलेला असेल. अवजड ट्रकांत देशात पहिला नंबर टाटांचा, दुसरा यांचा.

२०२४-२५ हे वर्ष कसं गेलं? थोडक्यात सांगा.

उलाढाल ३८,७५३ कोटी रुपये. आदल्या वर्षी ती ३८,३६७ कोटी होती, म्हणजे वाढ जेमतेम एक टक्का. निव्वळ नफा ३,३०३ कोटी, आदल्या वर्षी २,६१८ कोटी. इथे वाढ २६ टक्के. विकलेल्या गाड्या सुमारे १ लाख ९५ हजार, जवळपास आदल्या वर्षाएवढ्याच. परदेशी गेलेल्या गाड्या १५,२५५, म्हणजे २९ टक्क्यांनी जास्त. वर्ष संपलं तेव्हा कर्ज वजा जाता ४,२४२ कोटींची रोकड हातात शिल्लक होती.

गाड्या तेवढ्याच विकल्या, तर नफा पावपटीने वाढला कसा?

खरा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एकूण नफ्याला गाड्यांच्या संख्येने भागलं तर आदल्या वर्षी गाडीमागे साधारण १ लाख ३४ हजार रुपये पडत होते, या वर्षी १ लाख ६९ हजार. हा भागाकार माझा आहे, कंपनीचा नाही, आणि तो थोडा ढोबळ आहे. नफ्यात सुटे भाग, लष्कराचं काम, जनरेटरची इंजिनं असं बरंच काही मिसळलेलं असतं. पण दिशा कळते. गाडीमागे पस्तीस हजार जास्त सुटले.

ते कुठून आले? एक, स्टील स्वस्त राहिलं. दोन, कंपनीने गाडी बनवण्याचा खर्च कापला. तीन, ज्या गाड्यांत पैसा जास्त सुटतो त्या आणि सुटे भाग यांच्यावर भर दिला. आणि चार, हे तुमच्या कामाचं आहे: भावात घासाघीस कमी केली. पूर्वी महिनाअखेर आली की आकडा गाठण्यासाठी ट्रक कंपन्या एकमेकींच्या वरचढ सूट देत. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शोरूममध्ये जाऊन बसायचं, चहा प्यायचा, उठून जायला लागायचं आणि दारातून परत बोलावलं गेलं की पन्नास हजार आणखी सोडवून घ्यायचे, ही आपल्या धंद्यातली जुनी कला. आता कंपनी उघडपणे सांगते की नफा घालवून बाजारातला वाटा वाढवायचा नाही. दारातून परत बोलावणं कमी झालंय ते त्यामुळे. विक्रेत्यावर रागावू नका, त्याच्या हातात फारसं काही उरलेलं नाही.

बातम्यांत ‘एबिटा १२.७ टक्के’ म्हणतात. ते काय असतं?

तुमच्याच गाडीचा महिना घेऊ. समजा भाडं आलं ३ लाख. डिझेल १ लाख ५५ हजार, टोल ३५ हजार, चालक आणि क्लिनरचा पगार-भत्ता ४० हजार, टायर-ग्रीस-दुरुस्ती २० हजार, विमा आणि परमिटचा महिन्याचा वाटा ८ हजार. उरले ४२ हजार. हा तुमचा एबिटा, १४ टक्के. यातून हप्ता जायचाय, कर जायचाय. हप्ता ३८ हजारांचा असला तर घरी चार हजार. (हिशेबनीस मंडळींनी लगेच हात वर करू नयेत. हप्त्यातलं मुद्दल आणि घसारा एक नव्हे हे मलाही माहीत आहे, पण समजण्यापुरतं चालतं.)

कंपनीचंही तसंच. शंभर रुपयांच्या विक्रीत पोलाद, टायर, पगार, वीज सगळं भागवून १२ रुपये ७० पैसे उरले. २०२२-२३ मध्ये ८ रुपयांच्या आसपास उरत होते, २०२३-२४ मध्ये १२. जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत तर १५ उरले आणि त्या तिमाहीचा नफा एकटा १,२४६ कोटींचा होता. ट्रक कंपन्यांचं पीक मार्चअखेरीलाच येतं, त्यामुळे त्या तिमाहीवरून वर्षभराचा अंदाज बांधू नये.

फरक एवढाच की तुमच्या ४२ हजारांवर हप्ता बसलेला असतो आणि त्यांच्या वाहन-धंद्यावर आता निव्वळ कर्जच नाही.

हा नफा टिकणारा आहे का?

केळीच्या भावाला टिकणारा भाव कोणी म्हणतं का? ट्रकचा धंदा तसाच आहे. हे आकडे बघा. २०१८-१९ मध्ये नफा १,९८३ कोटी. पुढच्याच वर्षी २४० कोटी. त्याच्या पुढच्या वर्षी ३१४ कोटींचा तोटा. मग चढ: २०२२-२३ मध्ये १,३८० कोटी, नंतर २,६१८, २०२४-२५ मध्ये ३,३०३.

मधे काय झालं ते आपल्या मालकांना चांगलं आठवतं. जुलै २०१८ मध्ये सरकारने भारमर्यादा वाढवली. २५ टनांची दहा टायरी गाडी एका रात्रीत २८.५ टनांची झाली. माल तेवढाच आणि गाड्यांची ताकद वाढलेली, म्हणजे नव्या गाडीची गरजच कमी. त्याच पावसाळ्याच्या अखेरीस वित्त कंपन्यांचा पैसा आटला. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे धुराचं कडक मानक आलं, गाड्या महागल्या, आणि नेमकी त्याच वेळी टाळेबंदी. धुळ्याच्या चौफुलीवर, जिथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे कधी नव्हे ती शांतता होती.

या चढउताराचा धसका कंपनीनेही घेतलेला दिसतो. म्हणून ट्रक सोडून बाकीच्या कमाईवर जोर आहे: सुटे भाग, निर्यात, हलकी वाहनं, लष्कर, जनरेटर. लष्कराच्या ताफ्यात तुम्ही ज्या हिरव्या ‘स्टॅलियन’ गाड्या बघता, त्या मूळ यांच्याच. मंदीत मालक नवी गाडी घेत नाही, पण जुनी तर चालवतोच, आणि जुनीला सुटे भाग जास्त लागतात. आपल्या भागात म्हणतात तसं, कापूस गेला तर मका आहे.

पुढचं धोरण काय? भाषण नको, मुद्दे सांगा.

मध्यम आणि अवजड ट्रकांत वाटा आज ३० टक्क्यांच्या आसपास आहे, तो ३५ वर न्यायचा. एबिटा पंधराच्या आसपास नेऊन तिथे टिकवायचा. दक्षिणेत कंपनी आधीपासून भक्कम आहे, म्हणून नवी शोरूम आणि सर्व्हिस केंद्रं उत्तर, पूर्व आणि मध्य भारतात उघडायची. निर्यात वाढवायची. विजेवरच्या बस आणि छोट्या गाड्या ‘स्विच’ या उपकंपनीतून बनवायच्या, आणि बॅटरी स्वतः करायची. बॅटरीसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये चीनच्या सीएएलबी समूहाशी करार झाला. सात ते दहा वर्षांत ५,००० कोटींहून जास्त गुंतवणुकीची घोषणा आहे.

माझं मत विचाराल तर ३५ आणि १५ ही दोन उद्दिष्टं एकाच जुवाला जोडलेल्या वेगवेगळ्या चालीच्या बैलांसारखी आहेत. वाटा वाढवायचा तर समोरच्याचं गिऱ्हाईक ओढावं लागतं, आणि ट्रकवाला भावानेच ओढला जातो. भाव सोडला तर पंधरा टक्के कुठून उरणार? कंपनीचं उत्तर असं की गिऱ्हाईक भावाने नाही, सेवेने आणि ॲव्हरेजने ओढू. बऱ्हाणपूरच्या पुढे रात्री दोनला गाडी बंद पडली की मेकॅनिक किती तासांत येतो, यावर या उत्तराचा खरेखोटेपणा ठरेल. माझ्या एका अशिलाची, वेगळ्याच कंपनीची, केळी भरलेली गाडी एका सेन्सरपायी दीड दिवस उभी राहिली. सेन्सर काही हजारांचा, माल गेला लाखाचा. तेव्हापासून तो नवी गाडी घेताना इंजिन बघत नाही, सर्व्हिसवाल्याचा फोन नंबर आधी लावून बघतो.

विजेवरचा ट्रक रावेरहून केळी घेऊन दिल्लीला जाईल का?

आज नाही. अकराशे-बाराशे किलोमीटरचं अंतर, आणि घड कापले की घड्याळ सुरू होतं. वाटेत दोन-तीनदा तासन् तास चार्जिंगला थांबून केळीला परवडत नाही. शिवाय बॅटरीचं वजन मालाच्या वजनातून वजा होतं.

पण ठरलेल्या फेऱ्या असतील तिथे जमतं. दीपनगरच्या वीज केंद्रातून राख नेणाऱ्या गाड्या, गिरणीपासून गोदामापर्यंतच्या, संध्याकाळी घरी परतणाऱ्या. कंपनीने ५५ टनांचा विजेवरचा ट्रॅक्टर-ट्रक (ट्रेलर ओढणारा) आणलाय, तो अशाच कामासाठी. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत विजेवरच्या ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाखांपर्यंत सवलत आहे, पण जुना ट्रक मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र त्यासाठी लागतं, आणि देशभरात मिळून साधारण ५,६०० गाड्यांनाच ती मिळणार आहे. हायड्रोजनचा ट्रकही रिलायन्सबरोबर २०२३ मध्ये दाखवून झालाय. त्याबद्दल आपल्याकडे विचारायला अजून वेळ आहे.

एसटीच्या नव्या लालपऱ्या यांच्याच आहेत ना?

हो, बऱ्याच. ऑक्टोबर २०२४ मध्ये एसटी महामंडळाने २,१०४ ‘व्हायकिंग’ बसची मागणी दिली, किंमत ९८१.४५ कोटी. भागाकार केला तर बसमागे साधारण ४६ लाख ६५ हजार.

यातला एक बारकावा वर्तमानपत्रांतून निसटला. या बस पूर्ण बांधून आल्या. पूर्वी एसटी फक्त चेसिस घ्यायची आणि दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत वरचा सांगाडा बांधायची. ट्रकांतही तेच होतंय. आपल्या गॅरेजवाल्यांनी लाकडी फाळके आणि लोखंडी पट्ट्या ठोकून, वर ‘आईचा आशीर्वाद’ रंगवून दिलेल्या बॉडीऐवजी आता शोरूममधूनच तयार बॉडी येते. कंपनीच्या ताळेबंदात ही गाडीमागची वाढलेली कमाई. महामार्गाकडेच्या बॉडी बांधणाऱ्याच्या ताळेबंदात काय, ते कुठल्याच अहवालात छापून येत नाही.

जीएसटी उतरल्याचा फायदा कोणाला?

इथे उत्तर सरळ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कराआधी ३० लाखांच्या गाडीवर पूर्वी ८ लाख ४० हजार कर होता, आता ५ लाख ४० हजार. तीन लाख वाचले. ज्यांना कराची वजावट घेता येते अशा मोठ्या कंपन्यांना यात फारसा फरक नाही, कारण त्यांना तो परत मिळतच होता. एक-दोन गाड्यांच्या, वजावट न घेणाऱ्या मालकाचे मात्र रोख तीन लाख वाचतात. नवे टायरही २८ वरून १८ वर आले, आणि मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावरचा कर १२ वरून ५ वर.

दुसरी बाजूही ऐका. नवी गाडी स्वस्त झाली की तुमच्या दारातल्या जुन्या गाडीचा भावही त्याच दिवशी खाली येतो. विकायला काढलेल्यांना हे कळायला दोन आठवडे लागले.

एसी केबिन सक्तीची झाली, त्याने ॲव्हरेज पडतं म्हणतात.

थोडं पडतं. पण भुसावळला मे महिन्यात ४५ अंश असतात आणि इंजिन चालकाच्या मांडीशेजारी तापत असतं. २०२५ पासून मध्यम आणि अवजड नव्या ट्रकांना ही सक्ती आहे. चालक मिळत नाहीत म्हणून रडणाऱ्या मालकांनी याबद्दल तक्रार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाला एक बोनस मिळाला. म्हणजे माझे पैसे दुप्पट झाले?

नाही हो. भाकरीचे दोन तुकडे केले म्हणून दोन भाकरी होत नाहीत. जुलै २०२५ मध्ये प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट मिळाला आणि बाजारातला भाव त्याच प्रमाणात निम्मा झाला. तुमचा कंपनीतला वाटा होता तेवढाच आहे.

तरी आपल्याकडे बोनस म्हटलं की लोकांचे डोळे चमकतात, त्याला कारण अमळनेर. १९४५ मध्ये तिथे वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, ती कंपनी पुढे विप्रो झाली, आणि दशकानुदशकं बोनसवर बोनस मिळून साध्या घरांत कोटींची मालमत्ता साठली. पण तिथे बोनसने माणसं श्रीमंत झाली नाहीत. धंदा शेकडो पटींनी वाढला, बोनस फक्त त्याचे तुकडे पाडत गेला. आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात २०२०-२१ सारखं तोट्याचं वर्ष मधे येत नाही. दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलू नका.

लाभांश हा मात्र खरा पैसा. २०२४-२५ साठी बोनसआधीच्या शेअरमागे दोन वेळा मिळून ६ रुपये २५ पैसे आले: आधी २ रुपये, मग ४ रुपये २५ पैसे. तो तुमच्या उत्पन्नात दाखवायचा असतो. ‘साहेब, ते तर खात्यात आपोआप आलं’ हे कारण आयकर खात्यात चालत नाही.

छोट्या गाड्यांत काय चाललंय? दूध आणि भाजीला कोणती चालेल?

‘दोस्त’ २०११ पासून आहे, तेव्हा निसानबरोबर भागीदारी होती, आता कंपनीची एकटीची आहे. ‘बडा दोस्त’ २०२० ला आली. पण दोन टनांच्या खालचा गल्लीबोळातला बाजार यांच्या हातात नव्हता. तिथे जानेवारी २०२५ मध्ये ‘साथी’ आणली, तेव्हाची सुरुवातीची किंमत ६.४९ लाख. चाळीसगावहून दूध किंवा नंदुरबारहून मिरची आणणाऱ्याने विकत घेण्याआधी रिकामी नाही, भरलेली गाडी चालवून बघावी. लळिंगच्या चढावर कोणाच्या जाहिरातीचं काही चालत नाही.

खान्देशात कारखाना येईल का?

तशी काही घोषणा नाही. बससाठीची नवी गुंतवणूक लखनौकडे गेली.

मग आत्ता नवी गाडी घ्यावी का?

कंपनीचा नफा बघून गाडी घेऊ नका. तुम्हाला माल मिळवून देणाऱ्या हुंडेकऱ्याची बिल्टी-वही, म्हणजे फेऱ्यांच्या पावत्यांची वही, बघा. गेल्या बारा महिन्यांत गाडी किती दिवस भाड्यावर होती आणि किती दिवस नंबर लावून उभी होती, ते मोजा. महिन्याला २२ दिवसांच्या खाली चाक फिरत असेल तर कराचे वाचलेले तीन लाख हप्त्यात कधी विरघळतील कळणार नाही. घ्यायचीच असेल तर तिमाही संपायच्या आठवड्यात जा. सूट कमी झालीय, संपलेली नाही. आणि रोख सवलतीवर अडून बसण्याऐवजी जादा वॉरंटी, वार्षिक देखभालीचा करार आणि टायरचा सेट मागा. कंपनीला भाव पाडायचा नसतो, पण वस्तू द्यायला ती पटकन तयार होते.

हा वार्षिक अहवाल मिळतो कुठे? मराठीत आहे का?

कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट आहे, इंग्रजीत. काही शे पानांचा असतो, सगळा वाचायची गरज नाही. अध्यक्षांचं पत्र सोडून द्या. व्यवस्थापनाचा धंद्याबद्दलचा आढावा, रोख प्रवाहाचं पान आणि शेवटच्या टिपांतली येणी-देणी एवढं बघा. छापून घेऊन आलात तर मी शनिवारी दुपारनंतर बसून समजावून सांगतो. मार्च आणि सप्टेंबर सोडून.